रहस्य उलगडतं, तसं मूल मोठं होतं: कुमारवयीन वाचकांना रहस्यकादंबऱ्या का आवडतात?

तेरा-चौदा वर्षांचं मूल एरवी पुस्तकाला हात लावत नाही. पण एखादी रहस्यकथा हाती पडली की तेच मूल जेवणाच्या ताटावरही पुस्तक उघडून बसतं. हे बहुतेक घरांनी पाहिलेलं दृश्य आहे. असं का होतं?

हा प्रकार नेमका काय आहे?

यात नायक किंवा नायिका साधारण बारा ते सतरा वर्षांची असते. समोर एक कोडं येतं: चोरी, बेपत्ता झालेला माणूस, जुनं पत्र, बंद वाडा. मोठी माणसं लक्ष देत नाहीत, म्हणून मूल स्वतःच शोध घेतं. शेवटी गुन्हेगार सापडतो, पण मूल आता पहिल्यासारखं राहिलेलं नसतं. साध्या गुप्तहेरकथेत फक्त कोडं सुटतं. इथे कोड्यासोबत वयाची एक पायरीही ओलांडली जाते.

मराठीतलं ठळक उदाहरण

मराठी वाचकाला पहिलं नाव आठवतं ते फास्टर फेणेचं. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी निर्माण केलेला हा बनेश फेणे पुणे जिल्ह्यातल्या फुरसुंगीचा. अंगाने किडकिडीत, सायकलवर सुसाट, पुण्याच्या विद्याभवन शाळेचा विद्यार्थी. त्याच्याकडे ना पैसा, ना ताकद. आहे ते निरीक्षण, धिटाई आणि मित्र. २०१७ साली आलेल्या मराठी चित्रपटात हाच बनेश थोडा मोठा होऊन वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या गैरव्यवहाराच्या मागे लागतो.

सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ मध्ये बंगालीत आला आणि अशोक जैन यांच्या अनुवादांतून मराठीत पोहोचला. तिथे गोष्ट सांगतो तो फेलूदाचा किशोरवयीन चुलतभाऊ तोपशे. वाचक त्याच्याच डोळ्यांनी बघतो, त्याच्यासोबत चुकतो आणि शिकतो. मार्क हॅडन यांच्या २००३ च्या इंग्रजी कादंबरीत तर पंधरा वर्षांचा क्रिस्टोफर शेजारच्या कुत्र्याला कोणी मारलं हे शोधायला निघतो आणि स्वतःच्याच घरातल्या सत्यापाशी येऊन थांबतो.

आकर्षणाची कारणं

पहिलं कारण म्हणजे मोकळीक. या वयात कुठे जायचं, किती वाजता परतायचं, कोणत्या शाखेत शिकायचं हे सगळं दुसरेच ठरवतात. कथेतलं मूल मात्र स्वतः निर्णय घेतं आणि त्याचे परिणामही भोगतं.

दुसरं कारण घरातलं. मोठी माणसं काही गोष्टी दबक्या आवाजात बोलतात: कर्ज, आजार, भाऊबंदकी. ‘तुला काय करायचंय?’ हे उत्तर प्रत्येक मुलाने ऐकलेलं असतं. रहस्यकथा त्याला सांगते की प्रश्न विचारणं हा आगाऊपणा नाही.

तिसरं कारण भीतीशी ओळख. पुस्तकातली भीती पान मिटलं की थांबते. म्हणून ती पेलता येते आणि खऱ्या भीतीसाठी थोडी तयारी होते.

आणि चौथं, सर्वात महत्त्वाचं कारण म्हणजे पहिला संशय बहुधा चुकीचा ठरतो. दिसायला उग्र माणूस निर्दोष निघतो, गोड बोलणारा गुंतलेला असतो. पुराव्याशिवाय कोणाला दोषी धरू नये, हा धडा उपदेश न करता पोहोचतो.

जुन्नर-आंबेगावची खरी रहस्यं

अशा कथेला परदेशी किल्ला लागत नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडचे जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके पाहा. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांची पावलं आणि वर कोरलेली नावं तेवढी उरली आहेत. लेण्याद्रीला अष्टविनायकांपैकी एक गणपती बसला आहे तो बौद्ध लेण्यात. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. आजीचं गाव पाण्याखाली का गेलं, हा प्रश्न तिथल्या नातवासाठी कादंबरीपुरता नसतो.

सर्वात मोठं कोडं बिबट्याचं आहे. धरणं झाली, ऊस वाढला आणि उसात बिबट्याला लपायला जागा मिळाली. पिंजरे लावून बिबटे पकडायचे आणि दूर सोडायचे, हा उपाय २००१ पासून मोठ्या प्रमाणावर झाला. संशयित हातात होता, तेव्हा प्रकरण मिटायला हवं होतं. पण माणसांवरचे हल्ले वाढले. विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वाढीचा संबंध खुद्द स्थलांतराशी जोडला. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी जास्त धोकादायक ठरू शकतो, म्हणजे उपायच अडचणीत भर घालत होता.

हल्ल्यांत इथली लहान मुलंही दगावली आहेत. त्यामुळे अंधाराआधी घरी परतणं हा या भागातल्या शाळकरी मुलांसाठी रोजचा विषय आहे. ‘कोणाला पकडायचं?’ याऐवजी ‘हे का घडतंय?’ असं विचारल्यावरच तपास पुढे सरकला. चांगली रहस्यकथाही वाचकाला नेमकं हेच वळण शिकवते.

पालकांनी काय करावं?

‘हे वाचून मार्क मिळणार आहेत का?’ हा प्रश्न टाळावा. त्याऐवजी अर्ध्या पुस्तकावर मुलाला विचारावं, ‘तुझा संशय कोणावर? का?’ उत्तर चुकलं तरी हरकत नाही. स्वतःचं मत मांडणं, पुरावा तपासणं आणि गरज पडल्यास मत बदलणं हे ज्याला जमलं, तो मोठा व्हायला लागला असं समजावं.