जबलपूरचे चार मणके आणि पिसांचा प्रश्न

जबलपूरच्या बारा सिमला टेकडीत १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटली आणि दुर्गाशंकर भट्टाचार्जी यांनी डायनोसॉरची हाडे खणून काढली. लमेटा थरांतील त्या संग्रहात मोठ्या मांसाहारी प्राण्यांचे अवशेष होते, आणि त्यांच्यात मिसळलेले काही लहान, हलके मणकेही. जर्मन जीवाश्मतज्ज्ञ फ्रीड्रिख फॉन ह्यूने यांनी त्यांचा अभ्यास केला. मानेचे तीन आणि पाठीचा एक, अशा अवघ्या चार मणक्यांवरून ‘लेव्हिसुकस इंडिकस’ ही जाती उभी राहिली. नावाचा अर्थ ‘हलकी सुसर’. सुसरीशी त्याचा संबंध नाही. ‘सुकस’ हे त्या काळच्या नामकरणातले आवडते शेपूट होते.

१९३३ साली ह्यूने आणि मॅटली यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात लेव्हिसुकसची गणना सीलुरोसॉर गटात होती. तेव्हा या नावाखाली ढोबळमानाने लहान, हलक्या बांध्याचे शिकारी येत. पुढे त्या गटाचे महत्त्व पालटले. १९९६ साली चीनमधील सायनोसॉरोप्टेरिक्सच्या अंगावर तंतुमय पिसांचे ठसे दिसले, आणि त्यानंतर पिसे असलेल्या सीलुरोसॉरांची रांगच लागली. १९३३चे वर्गीकरण खरे असते, तर दख्खनचा लाव्हा पसरण्याच्या सुमारास नर्मदेच्या परिसरात पक्ष्यांचे असे पिसेधारी आप्त वावरत होते, असे मानायला चांगला आधार मिळाला असता.

तो आधार मादागास्करने काढून घेतला. तेथील मासियाकासॉरसचे वर्णन २००१ साली प्रसिद्ध झाले. त्याची हाडे भरपूर होती आणि मानेचे मणके लेव्हिसुकसशी जुळत होते. दोघांचेही नाते अर्जेंटिनाच्या नोआसॉरसशी, म्हणजे पक्ष्यांपासून बऱ्याच दूरच्या शाखेशी निघाले. भारत आणि मादागास्कर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत जोडलेले होते, त्यामुळे भूगोलही या निष्कर्षाच्या बाजूने आहे. याच व्यापक कुळातील कार्नोटॉरसच्या त्वचेवर खवले आढळले, पिसे नव्हेत. अर्थात कार्नोटॉरस प्रचंड होता. इवल्या लेव्हिसुकसच्या अंगावर काय होते, हे केवळ मणके सांगू शकत नाहीत.

अडचण आणखी एक आहे. ह्यूनेंनी हाताळलेल्या हाडांपैकी बरीचशी आज संग्रहात सापडत नाहीत. लेव्हिसुकसचे बहुतेक मणकेही त्यांतच. अभ्यासकांना जुन्या चित्रांवर आणि वर्णनांवर विसंबावे लागते. तरी हरवले म्हणजे नष्ट झाले, असे नाही. स्लीमन यांना १८२८ साली जबलपूरला मिळालेला आणि १८७७ साली ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ या नावाचा आधार ठरलेला मणकाही हरवल्याचेच समजले जात होते. २०१२ साली तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातील संग्रहात सापडला. लेव्हिसुकसचे मणके असेच हाती लागले, तर सीटी स्कॅनने त्यांच्या आतील हवेच्या पोकळ्या पाहता येतील. १९३३च्या चित्रांवरून ते शक्य नाही.