दिवा कुणासाठी?

मासेमारीचा इतिहास सांगायचा म्हटलं की लोक होडीपासून सुरुवात करतात. मग जाळी, मग इंजिन, मग बर्फ. दिव्याचं नाव कुणी घेत नाही. पण आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गेली काही वर्षं मच्छीमारांमध्ये जी भांडणं, मोर्चे, निवेदनं चालू आहेत, त्यांतली बरीचशी दिव्यावरून आहेत. म्हणून म्हटलं, आज दिव्यावरच लिहू. मी इतिहासकार नाही आणि मच्छीमारही नाही. मासे खाणारा रत्नागिरीकर एवढीच आपली पात्रता. चालवून घ्या.

पहिला दिवा म्हणजे चूड. माडाची सुकलेली चुडतं घट्ट बांधायची, टोकाला पेटवायची आणि विझत आली की हवेत गरागरा फिरवायची. मृगाचा पाऊस लागला, पऱ्हे वाहू लागले की रात्री चढणीचे मासे धरायला माणसं चुडी घेऊन निघत. कुर्ल्यांसाठीही तेच. पुढे कंदील आला, आणि मग गॅसबत्ती. तिचं खरं नाव पेट्रोमॅक्स. बर्लिनच्या माक्स ग्रेट्झच्या कारखान्यात ती १९१० च्या सुमारास तयार झाली. पेट्रोलियममधला 'पेट्रो' आणि माक्समधला 'मॅक्स'! पंप मारून रॉकेलची वाफ करायची आणि त्या ज्योतीने मेंटल तापून पांढरं पडायचं. लग्नाचा मांडव, दशावतार आणि कुर्ल्या, तिन्हीकडे तीच बत्ती. आमच्या आत्याला तिचा फरफर आवाज अजून आठवतो.

आता एक गोष्ट सरळ सांगायला हवी. चूड घेऊन जाणारी माणसं काही संत नव्हती. चढणीचे मासे म्हणजे अंडी घालायला वरच्या पाण्यात निघालेले मासे, आणि नेमके तेच ती धरत होती. मासे वाचत होते ते माणसाच्या चांगुलपणामुळे नव्हे, दिव्याच्या दुबळेपणामुळे. चुडीचा उजेड चार पावलं जायचा. तेवढ्यात सापडेल ते आपलं, बाकीचं अंधाराचं.

समुद्रावर तर गंमत उलटीच होती. तिथे उजेड नकोच असायचा. चांदण्यात जाळं माशाला दिसतं. शिवाय अंधाऱ्या रात्री समुद्र स्वतःच चाहूल देतो. पाण्यात नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्मजीव असतात. पाणी ढवळलं की ते निळसर चमकतात. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा खालून गेला की अंधारात पाण्यावर त्याचा अंधूक चमकता डाग हलताना दिसतो. हल्ली त्याच निळ्या लाटा बघायला आपल्या किनाऱ्यांवर लोक मोबाईल घेऊन गर्दी करतात. जाणत्या मच्छीमारासाठी मात्र ती माशाची खूण होती. म्हणून दालदी, खारवी, भंडारी, गाबीत, कुणीही असो, त्याला तिथी पाठ असायची. अमावास्या म्हणजे त्याचा कामाचा दिवस.

माझा एक भाचा अमेरिकेत मिनेसोटाला असतो. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात. लोक बर्फाला भोक पाडून त्यावर छोटी खोपटी उभारतात आणि आत बसून गळ टाकतात. त्याने पाण्यात सोडायचा कॅमेरा घेतला आणि मला विचारलं, मामा, रात्री काहीच दिसत नाही, दिवा कुठला लावू? (मामाला सगळं येतं असा त्याचा समज आहे, तो मी आजवर मोडलेला नाही.)

त्याला सांगितलं ते असं. पांढरा दिवा कॅमेऱ्याला चिकटून लावलास तर आंबा घाटात धुक्यात हेडलाईट लावल्यासारखं होईल. पाण्यातला गाळच चमकेल, मासा दिसणारच नाही. म्हणून दिवा बाजूला आणि तिरका हवा. लाल रंग पाण्यात लवकर मरतो. हिरवट पाण्यात सर्वांत लांब जातो तो हिरवा उजेड, पण तो लावलास की आधी बारीक जीव गोळा होतात, त्यांच्यामागे छोटे मासे, त्यांच्यामागे मोठे. इन्फ्रारेड उजेड बहुतेक माशांना दिसत नाही, पण तो पाण्यात काही फूटच जातो. म्हणजे नुसतं बघायचं असेल तर इन्फ्रारेड, आणि बोलावून आणायचं असेल तर हिरवा.

पण हिरव्याचा विचार त्याला सोडावा लागला, कारण मिनेसोटाच्या कायद्यात माशांना ओढून आणण्यासाठी कृत्रिम उजेड वापरायला मनाई आहे. गळाच्या टोकाचं चमकतं आमिष तेवढं चालतं. हे वाचलं आणि आपल्या रत्नागिरीचं भांडण एकदम समजलं. दिवे दोन जातीचे असतात. एक मला दिसावं म्हणून लावलेला, दुसरा माशाला दिसावा म्हणून लावलेला. चूड, कंदील, गॅसबत्ती घेऊन माणूस माशाकडे जायचा. दुसऱ्या जातीच्या दिव्याकडे मासाच येतो.

ही युक्ती जगात जुनीच आहे. जपानी लोक माकूल धरायला फार पूर्वीपासून दिवे लावतात. आपल्याकडे फरक पडला तो दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे. एक पर्ससीन जाळं. कर्नाटकच्या किनाऱ्यावर ते १९७० च्या दशकात रुजलं आणि पुढे आपल्याकडे आलं. अख्ख्या थव्याला वेढा घालायचा आणि खालची दोरी ओढून बटव्यासारखं तोंड बंद करायचं. आणि दुसरा एलईडी. निळा एलईडी १९९० च्या दशकात जमला, त्यातून पांढरा झाला, आणि २०१४ साली त्याच्या तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. कमी विजेत प्रचंड उजेड! घराघरात वरदान ठरला. पण तोच बोटीवर जनरेटर लावून पाण्यावर टांगला, पाण्याखाली सोडला, की अमावास्येची वाट बघायची गरज उरत नाही. थवा शोधायचा नाही, जमवायचा. लहान, मोठा, अंड्यावरचा, सगळा एकदम.

सरकारने काही केलं नाही असं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले. १० नोव्हेंबर २०१७ ला केंद्राने १२ सागरी मैलांपलीकडच्या आपल्या हद्दीतही एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१ साली राज्याने कायदा सुधारून एलईडीसाठी ५ ते २० लाखांचा दंड ठेवला. तरीही रात्री किनाऱ्यावरून क्षितिजाकडे बघितलं की लख्ख दिवे दिसतात, अशी तक्रार छोटे मच्छीमार करत आले आहेत.

मोठ्या बोटवाल्यांना राक्षस ठरवणं सोपं आहे. त्यांच्यावर कर्ज असतं, खलाशांचे पगार असतात, डिझेल असतं, आणि शेजारच्याने दिवा लावला की आपण अंधारात बसायचं का, हा प्रश्नही असतो. मिरकरवाडा बंदरावर किती घरं जगतात ते आपण बघतोच. पण छोट्या होडीवाल्याकडे जनरेटर नाही. त्याच्या वाट्याचा मासा त्याच्याकडे यायच्या आधीच दिव्याकडे गेलेला असतो. त्याची मुलं आता मुंबईची गाडी धरतात.

जानेवारी २०२५ पासून राज्याने समुद्रावर ड्रोनने पहारा सुरू केला आहे. म्हणजे आता आभाळातला कॅमेरा पाण्यातले दिवे शोधतो आहे. कॅमेऱ्याचं हे काम मला पटतं. पण मुद्दा नुसता दंडाचा नाही. पूर्वी आपली मर्यादा दिवाच ठरवायचा. तेल संपलं, चूड विझली की माणूस घरी जायचा. आताचा दिवा आपणहून विझत नाही. तो कधी विझवायचा हे पहिल्यांदाच माणसाला ठरवायचं आहे, आणि त्याची आपल्याला सवय नाही.

असो. पापलेट महाग झालं म्हणून बाजारात कोळणीशी भांडणाऱ्या समस्त नातेवाईकांनी हे एकदा वाचावं, एवढीच विनंती.