मशेरीचा तवा आणि पिवळं तेल

बोलण्याच्या ओघातलं थोडं इकडचं तिकडचं काढून हा भाग इथे लिहून ठेवतोय. विषय रसायनशास्त्राचा आहे, पण सुरुवात चुलीपाशी करू.

इस्लामपूर किंवा वाळवा तालुक्यातल्या कुठल्याही गावात वाढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. तव्यावर तंबाखूची पानं टाकायची, काळी पडेपर्यंत भाजायची, मग चुरून डबीत भरायची. भाजताना घरभर ठसका. पोरं अंगणात पळायची आणि आजी पदर नाकाला लावून तव्यापाशीच बसायची. ही मशेरी. सकाळी उठून दातांना लावायची, दुपारी पुन्हा, कामावरून आल्यावर पुन्हा. दाढ दुखली की पोरींनाही चिमूटभर मिळायची आणि तिथून सवय लागायची. बाई बिडी ओढते म्हटलं तर गाव नावं ठेवील, पण मशेरीला व्यसन कोण म्हणणार? ते दात घासणंच की!

आता तवा जरा बाजूला ठेवू आणि इंग्लंडला जाऊ. डायमिथाइलनायट्रोसअमाइन हे तोंडात न मावणारं नाव असलेलं रसायन तिथे द्रावक म्हणून वापरात येऊ लागलं होतं. ते हाताळणाऱ्या माणसांच्या यकृताला इजा झाल्याचं दिसलं, म्हणून बार्न्स आणि मॅगी या दोन शास्त्रज्ञांनी ते तपासायला घेतलं. १९५४ साली त्यांनी यकृताच्या इजेबद्दल लिहिलं. १९५६ मध्ये दुसरा निबंध आला: हेच रसायन थोडं थोडं अन्नातून दिलं, तर उंदरांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी होतात. तोपर्यंत या रसायनाच्या भाऊबंदांकडे कुणी संशयाने पाहिलं नव्हतं.

आणि हे भाऊबंद फार सहज तयार होतात, हीच खरी गोम. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्यांना प्रॅक्टिकल आठवत असेल. अमाइन कुठल्या प्रकारचं ते ओळखायला सोडियम नायट्राइट आणि आम्ल घालायचं. दुय्यम अमाइन असेल तर परीक्षानळीत पिवळसर तेल सुटतं. आपण जर्नलमध्ये निरीक्षण लिहून मोकळे व्हायचो. ते पिवळं तेल म्हणजेच नायट्रोसअमाइन. अमाइन, नायट्राइट, थोडं आम्ल, बस्स. भट्टी लागत नाही की दाब लागत नाही.

तंबाखूच्या पानात यातला कच्चा माल बराचसा तयारच असतो. निकोटिन आणि नॉरनिकोटिन ही नायट्रोजनवाली अल्कलॉइड्स त्यात असतात, शिवाय खतातून-मातीतून आलेलं नायट्रेट. पान वाळताना, मुरताना त्यावरचे जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि ते अल्कलॉइड्सशी जुळतं. म्हणजे हिरव्या पानात जे किरकोळ, ते वाळवण-मुरवणीत वाढतं.

इथे सेंद्रिय संश्लेषणाचं काम समोर येतं. पानाच्या अर्कात हजारो संयुगं. त्यातलं एक ओळखायचं तर ते आधी शुद्ध स्वरूपात हातात हवं, म्हणजे यंत्रावर दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहता येतं. आणि प्राण्यांना द्यायचं तरी तोलून-मापून द्यायला शुद्धच लागतं. लंडनच्या बॉयलंड आणि सहकाऱ्यांनी गंमतच केली. नायट्रोसोनॉरनिकोटिन, म्हणजे एनएनएन, तंबाखूत असू शकेल असा तर्क करून त्यांनी ते उंदरांवर तपासलं आणि फुफ्फुसात गाठी होतात हे १९६४ मध्येच सांगितलं. प्रत्यक्ष तंबाखूत ते सापडल्याचं हॉफमन, हेख्ट यांच्या अमेरिकेतल्या गटाने १९७४ मध्ये जाहीर केलं. आरोपी सापडायच्या दहा वर्षं आधी आरोपपत्र तयार!

आपल्याकडे ही गोष्ट परळला येऊन पोचते. तिथे १९५२ मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या पुढाकाराने कर्करोग संशोधन केंद्र सुरू झालं. तंबाखू खाणं-ओढणं आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध सांगणारा सांघवी, राव, खानोलकर यांचा निबंध १९५५ चा. पुढे डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासली; तो अहवाल १९७२ मध्ये छापून आला. एक लाखावर तोंडं, तीही खेड्यात जाऊन! या माणसांबद्दल आपल्या पाठ्यपुस्तकात एक ओळ नसावी, याचं मला वाईट वाटतं.

पण आजीच्या डबीपर्यंत पोचल्या त्या डॉ. सुमती भिडे आणि त्यांचे सहकारी. परदेशी प्रयोगशाळा सिगारेटच्या मागे होत्या. मशेरी कोण तपासणार? ती परळच्या या गटाने तपासली. तंबाखूतली खास नायट्रोसअमाइन्स मशेरीत आढळली. वर भाजण्यामुळे बेंझोपायरीनसारखी, धुरात असतात ती संयुगंही. म्हणजे न ओढताही धुराचा वाटा पदरात. मशेरीने प्राण्यांमध्ये गाठी होतात, हे त्यांच्या गटाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलं. ‘भाजली की तंबाखूतलं विष जळून जातं’ हे मी लहानपणी कितीदा ऐकलंय! तव्यावर नेमकं उलटं घडत होतं.

त्याआधी, १९८५ मध्ये, फ्रान्समधल्या ल्यों इथल्या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर त्यांनी पान-तंबाखू खाणाऱ्यांची लाळ तपासली होती. लाळेत तंबाखूची नायट्रोसअमाइन्स मिळालीच, पण सुपारीतल्या अरेकोलिनपासून होणारंही एक मिळालं. लाळेत नायट्राइट मुळातच असतं, त्यामुळे चघळता चघळता तोंडातही ही जुळणी होऊ शकते.

आणि मग विड्याचं पान. मला या सगळ्यात हा भाग फार आवडतो. याच गटाने नागवेलीच्या पानातलं हायड्रॉक्सीचॅव्हिकॉल नावाचं फिनॉल तपासलं. ते नायट्राइटला अमाइनपर्यंत पोचू देत नाही, नायट्रोसअमाइन बनण्याला आडवं येतं, असं १९८९ च्या निबंधात आहे. लगेच कुणी ‘बघा, आपले पूर्वज’ म्हणून उड्या मारू नयेत. पान एकटं असेल तर ठीक. त्यात सुपारी आणि तंबाखू घातली की ते बिचारं किती पुरं पडणार? नुसती सुपारी घातलेला विडाही कर्करोगकारक ठरलेला आहे.

आपल्या भागात हे बोलणं सोपं नाही. पेठ नाक्यावरून महामार्ग धरला की कोल्हापूर ओलांडून निपाणी. तिथली अर्थव्यवस्था तंबाखूवर उभी राहिली, वखारीत बायांनी हयात घालवली. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथल्या शेतकऱ्यांनी भावासाठी रस्ता अडवला, तेव्हा गोळीबारात माणसं मेली. ज्या पिकासाठी लोक मेले, ते पीक वाईट आहे असं प्रयोगशाळेतून सांगणं एक आणि निपाणीच्या बाजारात उभं राहून सांगणं वेगळं.

एनएनएन आणि त्याचं भावंड एनएनके आता मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहेत. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २०१८ मध्ये रक्तदाबाच्या व्हल्सार्टन गोळ्यांमध्ये १९५४ चं तेच डायमिथाइलनायट्रोसअमाइन सापडलं, तेव्हा जगभर गोळ्या परत मागवल्या गेल्या. कारण काय, तर कृती बदलताना दुय्यम अमाइन आणि नायट्राइट एकाच भांड्यात आले होते. प्रॅक्टिकलचं तेच पिवळं तेल.

घरच्या तव्यावरच्या मशेरीला मात्र ना पुडी, ना लेबल, ना धोक्याचं चित्र. ती परत कोण मागवणार? आमच्या आजीची पितळी डबी अजून घरात आहे. धुऊन आईने तिच्यात सुया-दोरा ठेवलाय.