अहमदनगरचा किल्ला आणि चौकशीवांचून बंदिवास

अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथील भुईकोट किल्ला निजामशाहीच्या वैभवाचा साक्षी म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु विसाव्या शतकांत त्याच्या तटाआड एक निराळाच प्रश्न उभा राहिला : चौकशी केल्यावांचून माणसास कोंडून ठेवण्याचा अधिकार सरकारास असावा काय?

लंडनच्या इनर टेंपलमध्यें कायद्याचा अभ्यास करून जवाहरलाल नेहरू १९१२ सालीं बॅरिस्टर झाले. वकिलींत त्यांचें मन रमलें नाहीं; तुरुंगाच्या वाऱ्या मात्र एकामागून एक घडल्या. १९३६ सालीं त्यांच्या पुढाकारानें हिंदी नागरी स्वातंत्र्य संघ स्थापन झाला व रवींद्रनाथ ठाकूर त्याचे अध्यक्ष झाले. पक्षभेद बाजूस ठेवून नागरिकांच्या हक्कांचें रक्षण करावें, हा त्याचा हेतु होता.

९ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईंत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद ह्या किल्ल्यांत आणले गेले. नेहरू, वल्लभभाई पटेल, असफअली व गोविंद वल्लभ पंत हे त्यांतील चौघे कायदेपंडितच. परंतु त्यांच्यावर ना आरोप ठेवला गेला, ना खटला चालला. एप्रिल १९४३ मध्यें केशव तळपदे यांच्या प्रकरणांत फेडरल कोर्टानें भारत-संरक्षण नियमांतील स्थानबद्धतेचा २६ वा नियम बेकायदा ठरविला; पण सरकारनें लागलीच वटहुकूम काढून त्यास मागील तारखेपासून कायद्याचें बळ दिलें. नेहरू मार्च १९४५ पर्यंत येथेंच होते.

पुढें स्वराज्य आलें. फेब्रुवारी १९५० मध्यें नेहरूंच्याच सरकारांतील गृहमंत्री पटेल यांनीं प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा हंगामी संसदेपुढें मांडला. देशांत अशांतता होती, हें खरें. तरी कालच्या बंद्यांच्याच हातीं आज कुलुपाची किल्ली आली होती.

हें मागें पडलेलें कार्य कायद्याच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्यानें हातीं घेतलें. सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे हे लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आले, पुण्यास वकिली करूं लागले आणि १९५७ ते १९६९ पर्यंत मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. आणीबाणींत, १९७६ सालीं, जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेनें लोकस्वातंत्र्यासाठीं जी संघटना उभी राहिली, तिच्या उभारणींत तारकुंडे अग्रभागीं होते.

२०२२ च्या अखेरीस भारतांतील तुरुंगांत दर चार बंद्यांपैकीं तिघे निकालाची वाट पाहणारे कच्चे कैदीच होते. किल्ल्यांतील बंदी थोर होते, म्हणून इतिहासानें त्यांची नोंद ठेविली. ह्या निनांवी बंद्यांची दाद लावणें, हें नागरी स्वातंत्र्याचें राहिलेलें काम होय.