बाय बाय प्लॅस्टिक बॅग्ज : बालीतील शाळकरी मुलींची चळवळ

इंडोनेशियातील बाली बेटावर २०१३ मध्ये मेलाती (वय १२) आणि इसाबेल (वय १०) वाइसन या बहिणींनी ही चळवळ सुरू केली. रवांडाने २००८ मध्येच प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आणली होती; मग बालीत का नाही, हा त्यांचा साधा सवाल. किनारे साफ केले, शाळाशाळांतून बोलल्या, विमानतळावर सह्या गोळा केल्या. तरी गव्हर्नर भेटेनात. तेव्हा त्यांनी सूर्योदय ते सूर्यास्त उपोषण जाहीर केले आणि भेटीचे बोलावणे आले. गव्हर्नर मंगकू पास्तिका यांनी लेखी आश्वासन दिले.

आश्वासन म्हणजे कायदा नव्हे. प्रत्यक्ष आदेश निघाला तो डिसेंबर २०१८ मध्ये, पुढच्या गव्हर्नरांच्या काळात. पिशव्या, थर्माकोल आणि स्ट्रॉ यांवरील ही बंदी २०१९ मध्ये लागू झाली.

कार्यकर्त्यांनी खरे तर पाहावा तो 'माउंटन मामाज' हा उपक्रम. डोंगरातल्या गावच्या बायका जुन्या कापडाच्या पिशव्या शिवतात. पर्यायही मिळतो, चार पैसेही. महाराष्ट्रात २३ जून २०१८ पासून बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, तरी भाजीबाजारात पातळ पिशवी मिळतेच. आपल्या वस्तीत शिलाई मशीन असलेल्या बायका कमी नाहीत.