रिमोटला पुन्हा जोडलेली तार

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मोठे समारंभ आणि गाजलेली नाटके आठवावीत, हे स्वाभाविकच आहे. परंतु आम्हांस या स्मरणिकेत एका अगदी लहान वस्तूचा इतिहास नमूद करून ठेवावासा वाटतो. ती वस्तू म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डरचा, लांब तार लावलेला रिमोट.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पण त्याचे मराठी कार्यक्रम चंदीगडला दिसत नसत. पुढे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली, व्हिडिओ रेकॉर्डर घरोघरी बोलले जाऊ लागले आणि सुट्टीहून परतणाऱ्यांच्या ट्रंकेत चकली-चिवड्याबरोबर मराठी चित्रपटांच्या कॅसेटी येऊ लागल्या. येथेच जन्मलेल्या आमच्या मुलांच्या कानांवर घराबाहेरचे मराठी पडे, ते एवढेच.

त्याच सुमारास पंजाबवर संकटाचे दिवस आले. १९८३ मध्ये पंजाब व चंदीगडसाठी सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा झाला. रात्री मुलाबाळांना घेऊन बाहेर पडणे नकोसे वाटू लागले. तेव्हा आम्ही चित्रपटाचा कार्यक्रम भर दुपारी ठेवू लागलो आणि तेथेच अडचण उभी राहिली. मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी एखादा शब्द मुलांना समजावून सांगण्यासाठी चित्र थांबवावे, तर रिमोट चालेना.

कारण साधे होते. रिमोटच्या टोकाशी असलेला एलईडी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश फेकतो. हा प्रकाश सेकंदाला सुमारे ३६ ते ४० हजार वेळा लुकलुकतो, आणि त्याच्या लहानमोठ्या तुकड्यांतून यंत्राला आज्ञा मिळते. उन्हातही अवरक्त किरण विपुल असतात. खिडकीतून आलेल्या उन्हाने यंत्राचा डोळा दिपून जाई. त्यातच पुढे बसलेल्यांची डोकी आड येत.

आमच्यातील वैज्ञानिक उपकरणांच्या कामात मुरलेल्या एका सभासदांनी यावर उपाय काढला. १९५९ मध्ये दिल्लीत स्थापन झालेली केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना १९६२ साली चंदीगडला आली, तेव्हापासून अशा जाणकारांचा या शहरास तोटा नव्हता. त्यांनी रिमोट उघडून एलईडी काढला, त्याच्या जागी दोन पदरांची लवचीक वायर सोल्डर केली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला तोच एलईडी जोडला. धन-ऋण बाजू उलटल्यास एलईडी पेटत नाही, एवढे मात्र जपावे लागले. मग तो एलईडी यंत्राच्या खिडकीसमोर ठेवून वरून काळी चिकटपट्टी लावली. ऊन बाहेर राहिले, आज्ञा आत गेली. वायर थेट आतल्या मंडलाला जोडावी, असेही एकाने सुचविले. परंतु तेथे लुकलुक गाळून उरलेले नुसते ठोकेच पोहोचवावे लागतात. शिवाय उसने आणलेले यंत्र उघडण्याचा धीर कोणासच झाला नाही.

गंमत अशी की, दूरचित्रवाणीच्या रिमोटचा आरंभही तारेनेच झाला होता. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० साली आणलेल्या ‘लेझी बोन्स’ची तार लोकांच्या पायांत येई. म्हणून १९५५ मध्ये प्रकाशझोतावर चालणारा ‘फ्लॅश-मॅटिक’ निघाला. त्यालाही उन्हानेच छळले. १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलर यांनी श्रवणातीत ध्वनीचा मार्ग काढला. पुढे अवरक्त किरण आले. आरंभीच्या कित्येक व्हिडिओ रेकॉर्डरांनाही तारेचाच रिमोट असे. जगाने मोठ्या कष्टाने काढून टाकलेली तार आम्ही गरजेपोटी परत जोडली होती.

जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये व्हिडिओ रेकॉर्डरचे उत्पादन थांबविले आणि ते युग संपले. आमची तारही आता उरलेली नाही. त्या दुपारी चित्र थांबवून समजावलेले सारेच शब्द मुलांच्या ओठी टिकले, असे आम्ही म्हणणार नाही. तथापि, भीतीच्या त्या दिवसांत दोन पिढ्या एका सतरंजीवर बसून एकाच भाषेत हसल्या. मंडळाच्या जमाखर्चात या वायरीची किंमत काही रुपयांचीच असेल. तिचे ऋण मात्र येथे कृतज्ञतेने नोंदवीत आहोत.