पंचविसांतलं सातवं



श्रुतपंचमीला आपण शास्त्रं बाहेर काढतो, धूळ झटकतो, नवी वेष्टनं घालतो. पावसाळा तोंडावर असतो, त्यामुळे पूजा आणि काळजी एकाच दिवशी होते. गेली काही वर्षं त्या दुपारी मी आणखी एक काम करते. पलंगाखालची सपाट पेटी काढून माझी मुद्राचित्रं एकेक करून पाहते. ती पाच आहेत.

यंदा सासूबाई शेजारी येऊन बसल्या. चष्मा लावून एक चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, छापलेलंच ना हे? मग एवढे पैसे कशाला मोजलेस?"

प्रश्न चुकीचा नव्हता. हे पहिलं चित्र मी वडोदऱ्याला घेतलं. माझी भाची तिथे मुद्राचित्रण शिकते. तिच्या एका मैत्रिणीचं हे काम, आणि किंमत एका बऱ्यापैकी काठपदराच्या साडीएवढी. खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय, ७/२५. म्हणजे या चित्राच्या पंचवीसच प्रती आहेत आणि ही त्यातली सातवी. सव्विसावी कधीच निघणार नाही. सासूबाईंना उत्तर द्यायचं तर या छोट्याशा आकड्याचा इतिहासच सांगायला हवा.

छापील चित्राला मुळात मर्यादा नव्हती. जर्मनीतला आल्ब्रेख्त ड्यूरर १५०५ ते १५०७ या काळात व्हेनिसला होता. मागे घरी त्याची चित्रं विकायचं काम बायकाच करत होत्या. आई न्यूरेंबर्गच्या बाजारात, तर पत्नी आग्नेस थेट फ्रांकफुर्टच्या जत्रेत. मला हे वाचून फार बरं वाटलं. जितकी विकली जातील तितकी छापायची, असा साधा हिशोब होता. मर्यादा घालायची ती तांब्यानेच. पत्र्यावर कोरलेल्या रेषा प्रत्येक दाबाबरोबर थोड्या झिजतात आणि पुढच्या प्रती फिकट होत जातात.

यातलं दुःख रेम्ब्रांटच्या वाट्याला आलं. त्याने सुमारे तीनशे अम्लरेखनं केली. १६६९ साली तो गेला, पण त्याचे कितीतरी पत्रे मागे राहिले. ते या हातातून त्या हातात गेले, झिजलेल्या रेषा पुन्हा कोरल्या गेल्या आणि शंभराहून अधिक वर्षांनंतरही लोक त्यावरून प्रती काढत राहिले. नाव त्याचं, पण छाप त्याने कधी न पाहिलेली.

मग १९व्या शतकाच्या मध्यात तांब्याच्या पत्र्यावर लोखंडाचा पातळ थर चढवायची युक्ती निघाली. आता पत्रा झिजेना. एका पत्र्यावरून हव्या तेवढ्या सारख्या प्रती निघू लागल्या. तांब्याने घातलेली मर्यादा संपली, तेव्हा माणसाला ती स्वतःवर घालून घ्यावी लागली. व्हिसलर हा चित्रकार १८७९ मध्ये दिवाळखोर झाला. त्याच वर्षी लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीने त्याला व्हेनिसची बारा अम्लरेखनं करायला पाठवलं. संच किती? शंभर. त्याच सुमारास प्रतीखाली पेन्सिलीने सही करायची चाल रूढ होऊ लागली, आणि पुढे सहीशेजारी आकडाही आला. ठरलेल्या प्रती निघाल्या की पत्र्यावर आडव्या-उभ्या रेघा ओढून तो बाद करायचा, म्हणजे शब्द मोडायचा मोहच उरत नाही.

यात व्यापारही आहे, हे नाकारू नये. कमी माल म्हणजे जास्त भाव, हे आपल्या घरांत कुणी शिकवायला नको. सांगलीला माझ्या आजोबांच्या हळदीच्या पेढीवर राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी होती. तो छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड घेऊन छापलेली ती चित्रं असंख्य घरांत पोचली. त्यांवर आकडा नव्हता आणि नको होता. ज्याला घरी लक्ष्मी हवी त्याला ती मिळावी, हाच त्यामागचा विचार. तोही मला मोठाच वाटतो. वाटणं आणि थांबणं ही वेगवेगळी कामं आहेत, इतकंच.

आकड्यामागचं थांबणं मला खरं कळलं ते झरीना हाश्मींच्या कामातून. त्यांचा जन्म १९३७ साली अलीगढला झाला. गणित शिकल्या. मुद्राचित्रण बँकॉक, पॅरिस, टोकियो असं फिरत शिकल्या आणि पुढे न्यूयॉर्कला राहिल्या. फाळणीनंतर काही वर्षांनी घरची माणसं पाकिस्तानात गेली आणि अलीगढचं घर तुटलं. १९९९ मध्ये त्यांनी 'होम इज अ फॉरेन प्लेस' हा ३६ लाकडी ठशांचा संच केला. प्रत्येक चित्राला उर्दूतला एक शब्द. उंबरा, दार, अंगण असे. चित्रात मोजक्या काळ्या रेषा, बस्स. उंबऱ्यापाशी आपण रोज रांगोळी काढतो, पण तिथे उभं राहून मागे वळून पाहायची वेळ आपल्यापैकी बहुतेकींवर सासरी निघतानाच येते. त्या रेषा मला तिथे घेऊन गेल्या. या संचाच्या प्रती पंचवीस. २०२० साली लंडनला झरीना गेल्या.

आता थोडं घरगुती. माझं दुसरं चित्र एका दुकानात फ्रेम करून घेतलं. त्यांनी मागे साधा पुठ्ठा लावून चित्र गोंदाने चिकटवून टाकलं. दोन पावसाळ्यांत कागदावर तपकिरी डाग आले, ते आता जाणार नाहीत. तेव्हा फ्रेमवाल्याकडे आम्लविरहित पुठ्ठाच मागा, चित्र चिकटवू देऊ नका, काच कागदाला टेकू देऊ नका आणि समोर ऊन येणारी भिंत टाळा. विकत घेताना भिंग न्या. संगणकावरून काढलेल्या छायाप्रतीवरही आकडा आणि सही घालून विकतात, पण त्यात बारीक ठिपके दिसतात. पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोवती मात्र बहुधा दाबाची खोलगट कडा असते, ती नजरेला कळते. आणि ७/२५ म्हणजे १/२५ पेक्षा कमी, असं मुळीच नाही. आकडे नेहमी छापल्याच्या क्रमाने घातलेले नसतात.

आता माझी खरी गोष्ट. चातुर्मासात मी परिग्रह-परिमाण व्रत घेतलं. वहीत साड्या लिहिल्या, दागिने लिहिले, भांडीही लिहिली. चित्रांपाशी पेन थांबलं. कला म्हणजे काय वस्तू आहे का, असं मनाला समजावून पाहिलं. पण पेटी तर पलंगाखालीच होती. शेवटी लिहिलं, पाच.

हिवाळ्यात भाचीने स्वतःचं पहिलं मोठं अम्लरेखन केलं. आमच्या माहेरच्या विहिरीचं, पायऱ्यांवर पडलेल्या उन्हासकट. माझ्या आईने ज्या पायरीवर बसून आम्हाला न्हाऊ घातलं, ती पायरी त्यात होती. मी घेतलं नाही. पाचांतलं एक देऊन टाकायचाही विचार केला, पण व्रताला अशी पळवाट काढणं जिवावर आलं. पंचवीसही प्रती गेल्या. मग तिने माझ्यासमोर पत्र्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. पोटात कालवलं. "थांब ना," असं तोंडातून निघूनही गेलं.

ती म्हणाली, "मावशी, हे केलं नाही तर त्या पंचवीस जणांना दिलेल्या शब्दाला अर्थ काय?"

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. सातव्या प्रतीवरचा बटर पेपर त्यांनी नीट सारखा केला आणि विचारलं, "त्या विहिरीचं चित्र कुणाकडे गेलं? बघायला तरी जाता येईल का?"

पुढच्या महिन्यात आम्ही दोघी जाणार आहोत.